मसाई माराला जाताय? या चुका टाळा

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात सगळ्यात मोठा हिरमोड होतो तो नदीकाठी. हजारो वाइल्डबीस्ट (गाईसारखे दिसणारे मोठे कुरंग) मारा नदीत उड्या घेतायत आणि पाण्यात मगरी टपून बसल्यात, हे टीव्हीवरचं दृश्य डोक्यात पक्कं बसलेलं असतं. लोक दोन रात्रींचं बुकिंग करून जातात आणि ड्रायव्हरला विचारतात, ‘क्रॉसिंग किती वाजता?’ कळप नदी कधी ओलांडणार याचं वेळापत्रक कुणाकडेच नसतं. कळप काठावर येतो, मागून रेटा वाढत जातो, धूळ उडते, आणि पुढचा एखादा प्राणी बिचकला की अख्खा कळप माघारी फिरतो. असं दिवसातून दोनदासुद्धा होतं. त्यामुळे माराला निदान तीन रात्री द्या, चार दिल्या तर उत्तम. सहा दिवसांत चार पार्क ‘कव्हर’ करणाऱ्या सहलीत निम्मा वेळ रस्त्यावरच जातो. नैरोबीहून नारोकमार्गे मारा गाठायलाच पाच-सहा तास लागतात.

महिना निवडतानाही गफलत होते. कळप मारात साधारण जुलै ते ऑक्टोबर असतात. जानेवारी ते मार्च ते टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिणेला न्दुतूच्या आसपास असतात आणि तिथेच पिल्लं जन्मतात. म्हणजे मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत क्रॉसिंग दाखवतो असं कुणी म्हणत असेल तर पैसे भरू नका. दिवाळी नोव्हेंबरात आली तर तोवर बहुतेक कळप परतीला लागलेले असतात. सिंह, हत्ती, जिराफ मात्र बारा महिने दिसतात, त्यामुळे बाकीच्या महिन्यांतली सफारी वाया जात नाही.

आता जी चूक मला सगळ्यात गंभीर वाटते ती. कळप दिसला की गाड्या काठाशी घुसतात, आणि ‘अजून पुढे घ्या ना’ असं मागे बसलेले आपणच म्हणत असतो. गाड्यांनी उतरायची-चढायची वाट अडवली की प्राणी उभ्या कड्यावरून उड्या मारतात, पाय मोडतात, पिल्लं तुडवली जातात. नियम मोडला तर दंड ड्रायव्हरला होतो, पण त्याची बक्षिशी आपल्या हातात असल्यामुळे त्याला नाही म्हणणं जड जातं. पहिल्याच सकाळी त्याला स्पष्ट सांगा: जवळ नाही गेलो तरी चालेल, गाडी रस्ता सोडणार नाही. चांगले ड्रायव्हर हे ऐकून मोकळे होतात आणि मग खरी माहिती सांगू लागतात.

कागदपत्रांत चुकलं तर सहल विमानतळावरच अडते. केनियाने जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी ईटीए (ऑनलाइन मिळणारा प्रवास परवाना) सुरू केला. तो निघण्याआधीच ऑनलाइन काढायचा, आणि सरकारी साइटवरूनच. हुबेहूब दिसणाऱ्या खाजगी साइट्स जादा पैसे घेतात. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. आठवडाभर आधी धावपळ करून उपयोग नाही. प्रमाणपत्र नसेल तर परत आल्यावर भारतातच सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं. साठीच्या पुढच्यांनी लशीबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावं.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान साधारण 15 किलो, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सूटकेस तिथे अडते. ठेपले, चिवडा, लोणचं यांनी भरलेली बॅग हमखास वजनात बसत नाही. शाकाहारी जेवण बहुतेक लॉजमध्ये मिळतं, आणि चपाती-समोसा तर केनियात रोजचंच खाणं आहे. प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर तिथे 2017 पासून बंदी आहे, त्यामुळे कपडे कापडी पिशव्यांत भरा. आफ्रिका म्हणजे उकाडा असं समजून स्वेटर घरी ठेवू नका; जुलैतल्या पहाटे उघड्या छताच्या गाडीत अक्षरशः काकडायला होतं. गडद निळे आणि काळे कपडेही टाळा, चावणाऱ्या त्सेत्से माश्या त्यांकडे ओढल्या जातात.

मसाई या स्थानिक जमातीच्या वस्तीत जाताना पैसे किती आणि ते कुणाला द्यायचे, हे आत शिरण्याआधी ठरवा. नंतर होणारे वाद बहुतेक यावरूनच होतात. फोटोआधी विचारा, मुलांच्या बाबतीत तर नक्कीच. शेणामातीने लिंपलेली ती घरं बायकांनी बांधलेली असतात, तेव्हा बांधकामाबद्दल त्यांनाच विचारा.

केनियाच्या किनाऱ्यावरच्या मोंबासा शहरातला फोर्ट जीझस हा किल्ला वगळून थेट समुद्रकिनारा गाठणं ही तर मराठी माणसाने करूच नये अशी चूक. पोर्तुगीजांनी 1593 मध्ये बांधायला घेतलेल्या या किल्ल्याचा कारभार गोव्याच्या हुकुमाखाली चाले. 1696 च्या वेढ्यात त्याच्या मदतीला गोव्याहून जहाजं निघाली, तरी 1698 मध्ये तो ओमानी अरबांनी घेतला. वसईचा किल्ला पाहिलेला असेल तर इथले बुरुज बघताना बरंच काही उलगडतं.

आणि परतल्यावर महिना-दोन महिन्यांत ताप आला तर तो ‘व्हायरल असेल’ म्हणून अंगावर काढू नका. मलेरिया घरी आल्यानंतरही उद्भवतो, आणि आफ्रिकेतला फाल्सिपेरम प्रकार फार वेगाने बिघडतो. प्रतिबंधक गोळ्या घेतल्या असल्या तरी त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना केनियाला जाऊन आल्याचं आधी सांगा. गोळ्यांचा कोर्सही परत आलो म्हणून मध्येच थांबवायचा नसतो.