ओट्याखालचं माप : मशीन काय कापतं आणि सुतार काय बसवतो

सुतारकाम मशीन घेऊन जाणार का, या प्रश्नाचं ठोक उत्तर नाही. कामाचे तुकडे पाडले की उत्तर मिळतं. किचन ट्रॉल्यांचं काम धरू. प्लाय कापणं, कडेला टेप चिकटवणं, बिजागरीची ३५ मिमीची भोकं पाडणं ही तीन कामं गेल्यातच जमा आहेत. बीम सॉ (शीट कापणारं मशीन) आणि एज बँडर (कडेला टेप चिकटवणारं मशीन) यांच्याशी हातकरवतीने स्पर्धा करण्यात अर्थ नाही. भरून न येणारं नुकसान होतं ते मापात आणि बसवणीत, आणि तिथे अजून माणूसच लागतो.

सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठात २०१८ साली रोबोटच्या दोन हातांनी आयकियाच्या खुर्चीचा सांगाडा २० मिनिटं १९ सेकंदांत जोडला. त्यातली ११ मिनिटं नुसती हात कसे हलवायचे हे ठरवण्यात गेली. शिवाय तुकडे सगळे ठरलेल्या आकाराचे होते. हिल्टी कंपनीचा जायबॉट हा रोबोट मोठ्या इमारतींच्या छताला भोकं पाडतो, पण त्याला आधी इमारतीचा डिजिटल आराखडा द्यावा लागतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटचा असा आराखडा नसतो, आणि बिल्डरचा कागद बांधलेल्या ओट्याशी जुळेलच असं नाही.

आपल्याकडची खरी अडचण हाच बांधलेला ओटा. कारखान्याचा डबा, म्हणजे ट्रॉलीचं खोकं, काटकोनात, मिलिमीटरला चोख येतो. तो बसवायचा असतो दोन कडाप्प्यांच्या, म्हणजे ओट्याखालच्या उभ्या दगडी फरश्यांच्या मधे, आणि कडाप्पे गवंड्याने अंदाजाने उभे केलेले असतात. म्हणून माप असं घ्या.

प्रत्येक खणाची रुंदी चार ठिकाणी मोजा : पुढे वर, पुढे खाली, मागे वर, मागे खाली. समजा ६१२, ६०६, ६०३ आणि ५९८ आले. डबा पुढून आत सरकवायचा असल्याने ५९८ धरायचं, सरासरी काढायची नाही. एवढ्यावर थांबू नका. दोन्ही कडाप्पे एकाच बाजूला कलले असतील तर वरचं आणि खालचं माप सारखंच येतं, तरी चौकोनी डबा आत जात नाही. ओळंबा लावा किंवा दोन्ही कर्ण मोजा. उंचीभर ५ मिमी कल निघाला तर तेही वजा करा, वर हाताला ३ मिमी मोकळीक ठेवा. ५९८ मधून ५ आणि ३ गेले, डबा ५९० मिमीचा.

उंची मोजताना ग्रॅनाइटच्या पुढच्या पट्टीखालून मोजा. ती पट्टी वीस-तीस मिमी खाली उतरलेली असते. आत हात घालून घेतलेलं माप जास्त भरतं, आणि डबा आला की पट्टीला अडतो. फरशीचा उतार पाहा, विशेषतः ड्राय बाल्कनीच्या बाजूला. सर्वांत उंच जागेवरून माप धरायचं, बाकीच्या ठिकाणी डब्याचे पाय वाढवायचे.

खणाची खोली मागच्या टाइलपर्यंत नव्हे, पाइपपर्यंत मोजा. मागे ५६० मिमी मिळाले आणि सिंकचा पाइप भिंतीपासून ७५ मिमी पुढे आला असेल तर हातात उरतात ४८५. तिथे २० इंची चॅनेल (ड्रॉवर सरकायची पट्टी) जात नाही, १८ इंची घ्या. गॅसची पाइपलाइन असेल तर तिचा कॉक ड्रॉवरमागे कधीच कोंडू नका. त्या खणाला साधं शटर, म्हणजे बिजागरीचं दार द्या, म्हणजे उघडलं की हात पोहोचतो.

आता कारखान्याला द्यायचे आकडे. सुताराचं डोकं सुतात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चालतं आणि मशीन मिलिमीटरमध्ये. घोळ इथेच होतो. २३ इंच ५ सूत म्हणजे ६०० मिमी, पण अर्धं सूत इकडेतिकडे झालं की दीड मिमी गेला. माप पहिल्यापासून मिलिमीटरमध्येच लिहा.

दुसरी गोष्ट प्लायच्या जाडीची. १८ मिमीचा म्हणून आलेला प्लाय व्हर्नियर (जाडी मोजायचं हत्यार) लावून पाहा, १७.२ सुद्धा निघतो. ५९० च्या डब्याचा दोन बाजूंच्या मधला तळ १८ धरून कापला तर ५५४ येतो आणि बांधलेला डबा ५८८.४ भरतो. एका डब्यात हे खपून जातं. ओटा नसलेल्या पूर्ण मॉड्युलर किचनमध्ये सलग चार डबे आले की जवळजवळ साडेसहा मिमीची, म्हणजे दोन सुतांची चूक होते. शटर मात्र कागदावरच्या मापाने आलेली असतात, त्यामुळे मधल्या फटी बुजतात आणि शेवटचं शटर बाहेर डोकावतं. खरी जाडी धरून तळ ५५५.६ लिहा. टेलिस्कोपिक चॅनेलला दोन्ही बाजूंना १२.७ मिमी लागतात, म्हणून ड्रॉवरची बाहेरची रुंदी ५५५.६ वजा २५.४, साधारण ५३०. इथे अर्धा मिमी मोकळं चालतं, घट्ट अजिबात चालत नाही. ड्रॉवर अर्ध्यावर जाऊन अडतो.

शटरचं माप डब्यावरून काढू नका. ओट्याखाली शटर कडाप्प्याच्या कडेवर चढतं, म्हणून दर्शनी बाजूला एका कडाप्प्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा आणि ३ मिमी फट वजा करा. समजा ६३७ आलं, तर तयार शटर ६३४. कडेला २ मिमीचा टेप दोन्हीकडून लागणार असेल तर कटिंगचं माप ६३०. यादीवर ठळक लिहा : माप तयार मालाचं की कटिंगचं. हे न लिहिल्यामुळे शटरचे अख्खे संच परत जातात.

कटिंगची यादी आता एआयकडून करून घेणारे बरेच आहेत. हरकत नाही, ते काम भराभर होतं. फक्त तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका. सोपी चाचणी अशी : ८ बाय ४ चा शीट म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. २४४० मधून ६१० चे चार तुकडे कागदावर निघतात, शीटमधून निघत नाहीत. दोन्ही कडांचे १०-१० मिमी छाटले आणि ४ मिमीच्या पात्याने तीन काप घेतले की उरतात २४०८, म्हणजे तुकडा ६०२ चा. यादीत ६१० चे चार दिसले तर पातं हिशेबात धरलेलं नाही. दुसरं, मायक्याच्या रेषा. शीट वाचवायला सॉफ्टवेअर तुकडा आडवा फिरवतं आणि तीन शटर उभ्या रेषांची, एक आडव्या रेषांचं येतं. फिरवायला मनाई करणारी खूण प्रत्येक शटरपुढे घाला. मोबाईलच्या स्कॅनने घेतलेलं माप गिऱ्हाइकाला चित्र दाखवायला ठीक आहे. त्यात सेंटीमीटरभर फरक पडू शकतो, त्यामुळे कटिंग त्यावर नको.

डबे आले की आधी कोरडेच आत सरकवून पाहा. वर धरलेल्या खणात पुढे वर ६१२ आणि डबा ५९०, म्हणजे २२ मिमीची फट राहते. दोन्हीकडे सारखी पट्टी भरून डबा मधोमध आणा, नाहीतर शटर एका कडाप्प्यावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी चढेल. ओटा नसेल तर कोपऱ्यातल्या डब्यापासून सुरुवात करा, लेझरची रेघ पाडा, डबे क्लॅम्पने आवळा आणि मगच स्क्रू मारा. १८ चे दोन प्लाय म्हणून ३५ चा स्क्रू घ्यायचा मोह होतो. प्रत्यक्षात जाडी ३४.४ भरली की टोक पलीकडे येतं आणि भांडी काढताना बोटाला लागतं. ३० चा वापरा.

वरच्या कपाटासाठी भिंत ठोकून पाहा. आरसीसीला (काँक्रीटला) ड्रिलचा हॅमर चालतो. सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांच्या) भिंतीत हॅमर बंद ठेवूनच ड्रिल करायचं. नाहीतर भोक आतून भुगा होतं, प्लग गोल फिरतो आणि भांड्यांनी भरलेलं कपाट महिन्याभरात पुढे कलतं. सिपोरेक्ससाठीचेच नायलॉन प्लग घ्या. प्लॅस्टर १५ मिमी असेल तर स्क्रू किमान ८० चा हवा, कारण प्लॅस्टरमधली लांबी काही पेलत नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक नको.

हत्यारांत पैसे घालायचे तर आधी लेझर लेव्हल आणि व्हर्नियर, मोठी करवत मशीन नंतर. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार हा व्यवसाय आहे आणि टूलकिटसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं. किमतीने पाहिलं तर या दोन वस्तू एवढ्यात बसतात.

राहिला हिशेब. चौरस फुटाचा एकच दर सांगितला की गिऱ्हाईक कारखान्याच्या दराशी तुलना करतं, आणि त्यात सुतार हरतोच. बिलात चार ओळी करा : जागेवरचं माप, कारखान्याचं कटिंग, बसवणी, पावसाळ्यानंतरची एक फेरी. मापाच्या ओळीपुढे लिहा की माप चुकलं तर नवा तुकडा आमच्या खर्चाने. शेवटची फेरी अर्ध्या तासाची असते. दमट हवेत शटर किंचित हलतात आणि बिजागरीच्या स्क्रूने ती जागेवर येतात. डावी-उजवीकडे सरकवणारा स्क्रू शटरच्या बाजूचा, आत-बाहेर करणारा मागचा. आधी पहिला फिरवा, एका वेळी पाव फेराच.