हेडर सापडत नाही? पत्ता एक फोल्डर अलीकडे थांबवा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांनो, सी++ प्रोजेक्टसाठी ओपनसीव्ही (फोटो-व्हिडिओवर काम करणारी लायब्ररी) लावताना ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ आलं की लायब्ररी पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका. बहुतेक वेळा ती जागेवर असते, कंपायलरला दिलेला पत्ता चुकतो.

उबुंटूवर हेडर फाइली (लायब्ररीत काय काय आहे ते कंपायलरला सांगणाऱ्या) यूएसआर, त्यात इन्क्लूड, त्यात ओपनसीव्ही४ या फोल्डरात बसतात. त्याच्याही पोटात ओपनसीव्ही२ असतं. कोडमधली इन्क्लूडची ओळ ओपनसीव्ही२पासून सुरू होते, म्हणून कॅपिटल आय या पर्यायापुढचा पत्ता ओपनसीव्ही४पाशीच संपला पाहिजे. एक फोल्डर आत गेलात की शोध फसलाच. हातानं लिहिण्यापेक्षा पत्ता पीकेजी-कॉन्फिगकडून (लायब्ररीचे पत्ते सांगणारी कमांड) घ्या, तेच खात्रीचं.

‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ ही एरर आली तर हेडर मिळालंय, अडलाय तो लिंकर, म्हणजे तुमचा कोड लायब्ररीशी जोडणारा भाग. लायब्ररींची नावं कमांडमध्ये सोर्स फाइलच्या नंतर लिहा. आधी लिहिली तर त्या क्षणी कुणाला गरज नाही म्हणून लिंकर त्या सोडून देतो.

व्हीएस कोडमधलं इन्क्लूडपाथ फक्त एडिटरमधली लाल रेषा घालवतं, बरं का! कंपायलरला तोच पत्ता टास्कच्या फाइलमध्ये वेगळा द्यावा लागतो.

विंडोजवर मिनजीडब्ल्यू हा कंपायलर वापरत असाल तर फोल्डरचं नाव मराठी किंवा कन्नड लिपीत ठेवू नका, मध्ये स्पेसही नको.

तरीही अडलं तर कमांडला हायफन व्ही जोडा. कंपायलर कुठं कुठं शोधतोय ती यादी दिसते, आणि मुळात नसलेल्या फोल्डरचा पत्ता दिला असेल तर तो ‘इग्नोरिंग नॉनएक्झिस्टंट डिरेक्टरी’ या ओळीत सापडतो.