शेव्हेलमध्ये एलएस इंजिन टाकताय? या चुका टाळा

मिशिगनच्या थंडीत गॅरेजचं दार लावून आम्ही मित्राच्या १९७२च्या शेव्हेल मालिबू या शेव्हरोले गाडीतलं ३०७ क्युबिक इंचांचं इंजिन उतरवलं आणि २००२च्या सिल्व्हराडो ट्रकचं ५.३ लिटरचं एलएस (जनरल मोटर्सच्या नव्या व्ही८ इंजिनांचं घराणं) इंजिन बसवलं. इंजिन खाली सोडायला एक रविवार पुरला. गाडी रस्त्यावर यायला मात्र ऑगस्ट उजाडला. मधले महिने गेले ते जुनी गाडी आणि नवं इंजिन यांचे सांधे जुळवण्यात.

नावावर आणि आकड्यांवर भाळू नका

१९७०च्या शेव्हेलमधलं एलएस६ म्हणजे ४५४ क्युबिक इंचांचं बिग ब्लॉक (शेव्हरोलेचं जुनं थोरल्या आकाराचं व्ही८), आणि २००१च्या कॉर्व्हेट झेड०६मधलंही एलएस६च, पण ते ५.७ लिटरचं. दोघांचा नावापलीकडे काही संबंध नाही. हॉर्सपॉवरचंही तसंच. १९७१पर्यंत जाहिरातीत मिरवलेले आकडे ग्रॉस (नुसत्या इंजिनाचे), १९७२पासूनचे नेट (सगळी जोडणी लावलेल्या इंजिनाचे). आमच्या ३०७चे नेट १३० होते आणि भंगारयार्डातून आणलेल्या साध्या ट्रक इंजिनाचे २८५. तेव्हा महागड्या कॉर्व्हेट इंजिनाच्या मागे लागण्याआधी बिडाच्या ब्लॉकचं ५.३ बघा. वजन जास्त, पण खिशाला झेपतं.

पॅन बदललात, मग ट्यूबही बदला

ट्रकचा ऑइल पॅन (आपल्याकडच्या मेकॅनिकच्या भाषेत चेंबर) खोल असतो. जुन्या गाडीत तो क्रॉसमेंबरच्या (चासीच्या आडव्या पट्टीच्या) खाली लोंबतो. कापून वेल्डिंग करण्याच्या फंदात पडू नका, या चासीसाठी बनवलेला पॅन मिळतो. त्याच्यासोबत त्याच मापाची पिकअप ट्यूब (पॅनमधलं तेल पंपाकडे ओढणारी नळी) आणि विंडेज ट्रे (क्रँक आणि तेल यांच्यामधला पत्रा) लागतो.

इथे आम्ही तोंडावर आपटलो. पहिल्यांदा इंजिन सुरू केलं तेव्हा ऑइल प्रेशर ४० पीएसआय. आम्ही खूश. गरम झाल्यावर काटा आळसावत १०वर आला आणि वरून टॅपेटची टकटक सुरू. तेल पातळ पडत असेल म्हणून जाड तेल घातलं. काटा थोडा वर गेला आणि आमची खोटी समजूत अजून आठवडाभर टिकली. पंप मागवायला निघालो होतो, तेवढ्यात पॅन उतरवून बघू म्हटलं. पिकअप ट्यूबच्या तोंडावरची ओ-रिंग एका कडेला चिमटून नखाएवढी कापली गेली होती. पंप तेलाबरोबर हवा ओढत होता. ट्यूब पंपाला एकाच बोल्टने धरलेली असते. तो बोल्ट आवळून ट्यूब आत ओढायला गेलं की ती तिरकी जाते आणि रिंग चिमटते. रिंगेला तेल लावा, ट्यूब हाताने सरळ आत बसवा, बोल्ट शेवटी. रिंगेची जाडी ट्यूबप्रमाणे बदलते, जुनी रिंग परत वापरू नका.

सुरू होतं आणि दोन सेकंदांत बंद पडतं?

लोक आधी पेट्रोलच्या पंपाला दोष देतात. बहुतेकदा दोष चोरीरोधक यंत्रणेचा असतो. इंजिनाचा कॉम्प्युटर अजून ट्रकमधल्या चोरीरोधक मॉड्यूलला शोधत असतो, ते सापडत नाही म्हणून इंजेक्टर बंद करतो. ट्यूनिंग करणाऱ्याकडून ही तपासणी कॉम्प्युटरमधून बंद करून घ्या. इंजिन मुळीच पेट घेत नसेल तर क्रँकवरचं खुणांचं चाक तपासा, त्यावरून कॉम्प्युटरला क्रँकची जागा कळते. जीएमच्या तिसऱ्या पिढीच्या इंजिनांत (आमचं त्यातलंच) २४ खुणांचं, चौथ्या पिढीत बहुधा ५८ खुणांचं. कॉम्प्युटर आणि चाक एकाच जातीचे हवेत. अर्थिंग विसरू नका. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ब्लॉकपासून चासीला, चासीपासून बॉडीला स्वतंत्र जाड वायर हवी आणि खालचा रंग खरवडून उघडं लोखंड दिसायला हवं.

उभ्या गाडीत झकास, चढावर मात्र आचके? गेज लावून पेट्रोलचं प्रेशर बघा. कार्ब्युरेटरला ५ ते ७ पीएसआय पुरतं, एलएसला साधारण ५८ लागतं. जुने रबरी पाइप तेवढं झेपवत नाहीत. १९९९ ते २००३च्या कॉर्व्हेटच्या फिल्टरमध्येच रेग्युलेटर असतो, तो टाकीजवळ लावला की इंजिनापर्यंत एकच लाइन न्यावी लागते.

जुना गिअरबॉक्स ठेवणार असाल तर

एलएसच्या क्रँकची मागची फ्लँज जुन्या स्मॉल ब्लॉकपेक्षा (३०७च्या जातीच्या धाकट्या व्ही८पेक्षा) साधारण ०.४ इंच आत असते. टर्बो ३५० या जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी मध्ये स्पेसर हवा. बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं घर) आवळून झाल्यावर, फ्लेक्सप्लेटला (क्रँकवरच्या तबकडीला) जोडण्याआधी, टॉर्क कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरायला हवा आणि मध्ये तीन-चार मिलिमीटर फट दिसायला हवी. बोल्टच्या जोरावर गिअरबॉक्स इंजिनाकडे ओढावा लागत असेल तर तिथेच थांबा, नाहीतर गिअरबॉक्सचा पंप फुटतो.

हेडवरच्या बारीक वाफेच्या नळ्या बूच मारून बंद करू नका, रेडिएटरच्या वरच्या भागाला जोडा. ट्रकचा एसी कॉम्प्रेसर खाली असतो आणि चासीला घासतो, ब्रॅकेट आधीच मागवा. कॅलिफोर्नियात १९७५पर्यंतच्या गाड्यांना धुराची चाचणी नाही, त्यानंतरच्या गाडीत तिच्याहून जुनं इंजिन टाकता येत नाही.

आणि मूळ इंजिन भंगारात देऊ नका. ब्लॉकच्या पुढच्या पट्टीवर गाडीच्या चासी नंबरातले आकडे कोरलेले असतात, घेणारा आधी तेच बघतो. आमच्या ३०७ला कोणी भाव देणार नाही, हे कबूल. पण खरी एसएस ४५४ (मूळ ४५४ इंजिनाची शेव्हेल) हाती आली असती तर मी पाना उचलला नसता. ३०७च्या सिलिंडरांत तेल सोडून, भोकं बंद करून ते कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवलंय. दर दिवाळीच्या साफसफाईला मित्राची बायको विचारते, हे कधी जाणार?