तालुक्याच्या गावी स्टार्टअप समुदाय उभारताना या चुका टाळा

चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडी या गावांत नवउद्योजकांचे मेळावे आता वरचेवर होऊ लागले आहेत आणि त्यामागची तळमळ खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. तरीही यांतले बरेचसे उपक्रम पहिल्या मोठ्या कार्यक्रमानंतर थंडावतात. आयोजकांना विचारले तर निधी मिळाला नाही, मुले मुंबई-पुण्याला निघून जातात, कोकणातला माणूस चार लोकांत बोलत नाही, अशी कारणे ऐकायला मिळतात. मला ती पटत नाहीत. ज्याला अडचण आहे आणि ज्याच्याकडे तिचा तोडगा आहे, त्या दोघांची गाठ पडावी आणि गाठ पडल्यावर पुढे काय झाले याची कोणीतरी चौकशी ठेवावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप असतो. आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुका नेमक्या याच दोन ठिकाणी होतात.

उद्घाटनाने सुरुवात करणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे आणि ती सर्वांत जास्त आवडीने केली जाते. सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी झालेला एक मेळावा मी पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत पाहिला आहे. कार्यक्रमाची वेळ दहाची होती, प्रमुख पाहुणे बाराच्या सुमारास आले. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि मग कोकणचा कॅलिफोर्निया कसा होईल यावर एकामागून एक भाषणे झाली. उद्योजकांची खुली चर्चा पत्रिकेत सर्वांत शेवटी छापली होती. देवगडकडून आलेला एक तरुण मांडीवर थर्माकोलची मासळीची पेटी घेऊन बसला होता. पेटीच्या झाकणात त्याने तापमान मोजणारा सेन्सर बसवला होता आणि बर्फ उतरू लागला की मोबाइलवर सूचना येईल अशी सोय केली होती. दुपारी तीनपर्यंत त्याला बोलायची संधी मिळाली नाही, आणि त्याची एसटी साडेतीनला होती. तो उठून गेला. त्याच्या दोन रांगा पुढे मासळी गोव्याला आणि मुंबईला पाठवणारे एक व्यापारी बसले होते, ज्यांची वाटेत बर्फ वितळून माल खराब होण्याची तक्रार मी पूर्वीपासून ऐकत आलो होतो. दोघे एका छताखाली पाच तास होते आणि एकमेकांचे तोंडही न पाहता घरी गेले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘उत्साहात संपन्न’ अशी बातमी आली. दुसरा मेळावा झालाच नाही.

पहिल्या बैठकीला बारा-पंधरा माणसे पुरतात, आणि ती निवडून, प्रत्येकाला स्वतः फोन करून बोलवावीत. व्यासपीठ नको, माइक नको, खुर्च्या गोलाकार मांडाव्यात. जागेसाठी गावातल्या वाचनालयात किंवा शाळेत विचारून पाहावे. कोकणात रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे आणि चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचे आहे. नियमाने दार उघडत राहण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे आणि नव्या कामाने तिच्या आसऱ्याला बसण्यात कमीपणा नाही. चहा-नाश्त्याचा खर्च आलेल्यांनीच वाटून घ्यावा, म्हणजे प्रायोजकाच्या आभारप्रदर्शनात वेळ जात नाही.

माझी स्वतःची पद्धत अशी आहे की दारातच प्रत्येकाच्या हातात दोन कोरी कार्डे द्यायची. एकावर ‘मला हे हवे आहे’ आणि दुसऱ्यावर ‘मी हे देऊ शकतो’ असे लिहून ती भिंतीवर चिकटवायची, आणि त्या दिवशी कोणत्या विषयावर बोलायचे ते भिंतीकडे पाहून ठरवायचे. ही कल्पना मुळात बारकॅम्प या मेळाव्यांच्या प्रकारातली आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पालो आल्टोमध्ये पहिला बारकॅम्प झाला, तेव्हापासून तिथे विषयपत्रिका आदल्या महिन्यात छापत नाहीत, जमलेली माणसे त्याच सकाळी ती भिंतीवर मांडतात. आपल्याकडच्या संकोची माणसालाही ती मानवते, कारण उभे राहून बोलण्यापेक्षा कार्डावर चार शब्द लिहिणे त्याला सोपे जाते.

शहरातला आराखडा जसाच्या तसा उचलणे

स्टार्टअप वीकएंड हा ५४ तासांचा कार्यक्रम २००७ मध्ये अमेरिकेतल्या बोल्डर गावी सुरू झाला. शुक्रवारी संध्याकाळी कल्पना मांडायच्या, संघ करायचे आणि रविवारी संध्याकाळी नमुना दाखवायचा, असा तो बेतलेला आहे. कार्यक्रम उत्तम आहे, पण रात्री उशिरा घरी पोहोचता येईल अशा वाहतुकीवर तो उभा आहे. मंडणगडपासून दोडामार्गापर्यंत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून १७ तालुके होतात आणि अनेक गावांची शेवटची एसटी संध्याकाळीच सुटते. अशा ठिकाणी शुक्रवारी रात्रीचा कार्यक्रम ठेवला की मुली आणि गृहिणी त्यातून आपोआप वगळल्या जातात. मी रविवारी सकाळी दहा ते दीड अशीच वेळ ठेवतो आणि ती ठरवण्याआधी एसटीच्या चौकशी खिडकीवर जाऊन परतीच्या गाड्या विचारून घेतो. याच कारणाने ‘संपूर्ण कोकण’ असे नाव असलेल्या समुदायावर माझा विश्वास बसत नाही. कुडाळ, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी एवढा पट्टा किंवा चिपळूण, खेड, गुहागर एवढा पट्टा धरावा, कारण बैठकीला येऊन त्याच दिवशी घरी जेवता आले तरच माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा येतो.

आधी व्हॉट्सॲप गट काढणे

कार्यक्रमाच्या दारात नोंदवहीत नंबर लिहून घ्यायचे आणि त्याच रात्री सगळ्यांना एका गटात भरायचे, हा आता रिवाजच झाला आहे. २०२२ च्या अखेरीस गटाची मर्यादा १०२४ सदस्यांपर्यंत वाढली आणि गट ‘फुल्ल’ झाल्याचा आनंद आयोजकांना होऊ लागला. अशा गटात काय होते ते सांगतो. वेंगुर्ल्याकडच्या एक ताई अमृत कोकम करून पुण्यातल्या दुकानांना पाठवतात. प्रत्येक खोक्यातल्या दोन-तीन बाटल्या वाटेत पाझरत, लेबले चिकट होऊन सुटत आणि दुकानदार अख्खे खोके परत करी. त्यांनी एका संध्याकाळी पाझरलेल्या बाटलीचा फोटो टाकून, झाकणाचे काय करावे, असे गटात विचारले. त्या दिवशी एका सदस्याचा वाढदिवस होता. केक, पुष्पगुच्छ, हात जोडलेली चित्रे आणि मध्येच प्लॉट विक्रीची जाहिरात यांच्याखाली तो प्रश्न तासाभरात गाडला गेला. बाटलीबंद पदार्थांचे काम करणारे कुडाळ एमआयडीसीतले एक गृहस्थ त्याच गटात होते. रोजच्या शुभेच्छांना कंटाळून त्यांनी गटाचा आवाज बंद करून ठेवला होता.

पुढे काही महिन्यांनी एका छोट्या बैठकीत ताईंनी तीच बाटली टेबलावर ठेवली. त्या गृहस्थांनी झाकण काढले, आतली चकती नखाने उचलून पाहिली आणि सांगितले की नुसत्या चकतीवर पातळ पाक थांबणार नाही, झाकणात फॉइलचे अस्तर घालून ते इंडक्शन मशीनने बाटलीच्या तोंडावर चिकटवावे लागेल. मग बाटलीच्या कडेवरून बोट फिरवून त्यांनी पाकाचा ओघळ दाखवला: भरताना कडेला पाक लागला असेल तर फॉइल धरत नाही, म्हणून तोंड ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडे झाल्यावरच सील करायचे. पहिल्या खेपेच्या बाटल्या ताईंनी त्यांच्याच मशीनवर सील करून नेल्या. हे उत्तर गटात पडलेला प्रश्न वेळीच वाचला गेला असता तर आंब्याच्या हंगामाआधीच मिळाले असते.

म्हणून गट बैठकीनंतर काढावा आणि त्यात बैठकीला प्रत्यक्ष आलेल्यांनाच घ्यावे. सूचनांसाठी व्हॉट्सॲपचीच कम्युनिटीची सोय वापरावी. तिथल्या घोषणांच्या गटात फक्त ॲडमिन संदेश टाकतात आणि सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, ही महिला उद्योजकांच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. प्रश्न आला की तो मी एका वहीत उतरवतो: कोणी विचारला, काय विचारले, कोणाला फोन केला, उत्तर मिळाले का. हे सॉफ्टवेअरने आपोआप होईल असे अनेक तरुण मला सांगतात आणि नवनवीन ॲपची नावे सुचवतात. उत्तर देऊ शकेल अशा माणसाला स्वतःहून फोन करण्याचे काम कोणतेही ॲप करत नाही, आणि तो फोन टाळण्यासाठीच ॲप शोधले जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पंचांग न पाहता तारीख ठरवणे

मार्च ते मे आंबा-काजूवाला तुम्हाला भेटणार नाही, जुलैत लावणी असते, आणि शिमग्याची पालखी गावात असताना कोणी सभागृहात बसत नाही. उलट १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा मच्छीमार बांधवांशी निवांत बोलता येते. गणपतीत मुंबई-पुण्याहून गावी आलेल्या चाकरमान्यांत बँकेतले, जहाजावरचे, सॉफ्टवेअरमधले जाणते लोक असतात. मानधन देऊन वक्ते बोलावण्यापेक्षा गौरी-विसर्जनानंतरच्या एखाद्या सकाळी त्यांना दोन तास मागावेत. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मात्र मागू नयेत.

काही चुका थोडक्यात सांगतो. ॲप म्हणजेच स्टार्टअप असे समजून काजू, कोकम, काथ्या, मासळी आणि होमस्टेवाल्यांना बाहेर ठेवू नका. सादरीकरण इंग्रजीतच हवे असा आग्रह धरू नका. सभागृह भरावे म्हणून महाविद्यालयातली मुले हजेरीच्या सक्तीने बसवू नका. सदस्यांच्या नंबरांची यादी त्यांना न विचारता बँकेला, विमावाल्याला किंवा पक्षकार्यकर्त्याला देऊ नका. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमती मागतो आणि विश्वास एकदा गेला की माणूस परत येत नाही. बक्षिसांची स्पर्धा पहिल्या वर्षी ठेवू नका, कारण हरलेले दहा जण पुन्हा फिरकत नाहीत.

गुंतवणूक किती आली, असे तिसऱ्याच महिन्यात विचारणाऱ्यांना या कामात घेऊ नये. त्या काळात मोजायचेच असेल तर वहीतल्या किती प्रश्नांपुढे उत्तर लिहिले गेले ते मोजावे, आणि मागच्या बैठकीतले किती चेहरे या बैठकीत दिसले ते पाहावे.

शेवटची चूक उशिरा लक्षात येते. सगळे नंबर, गटाची सूत्रे आणि ओळखी एकाच उत्साही माणसाकडे असतात आणि त्याला पुण्यात नोकरी लागली की समुदाय त्याच्याबरोबर जातो. पहिल्या बैठकीपासूनच तीन वेगवेगळ्या गावांतले तीन ॲडमिन ठेवावेत, त्यांत किमान एक महिला असावी, वही दर बैठकीला दुसऱ्याच्या घरी जावी आणि सूत्रसंचालन मागच्या खेपेला गप्प बसलेल्या माणसाकडे द्यावे.