जहाजाची वेळ, फोनची वेळ आणि माझी पहिली लेखी ताकीद

प्रवासी जहाजाच्या हाउसकीपिंगमध्ये निवड झालीय, मेडिकल पार पडलंय, एसटीसीडब्ल्यूचे (जहाजावर काम करणाऱ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे असलेले) बेसिक कोर्स झालेत आणि आता तीन-चार महिन्यांच्या सागरप्रवासावर साइन ऑन करायचंय, म्हणजे जहाजावर रुजू व्हायचंय, अशांसाठी हे लिहितेय. टिप्स, गणवेश, मेसमधलं जेवण यांबद्दल तुम्ही भरपूर ऐकलं असेल. मला अजून सलतंय ते वेगळंच आहे.

क्रूची केबिन बहुधा खालच्या डेकवर, बिनखिडकीची. दोघींत एक खोली, वरखाली बंक आणि प्रत्येक बंकला पडदा. पडदा ओढला की भरदुपार आणि मध्यरात्र सारखीच. उजेड दिसत नाही, त्यामुळे चार दिवसांत शरीराला वेळेचा अंदाज येईनासा होतो. मग आधार उरतो तो घड्याळाचा. माझ्याकडे घड्याळ म्हणून फक्त फोन होता.

लांबच्या प्रवासात जहाजाचं घड्याळ सारखं बदलतं. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. विषुववृत्तावर १५ अंश म्हणजे ९०० सागरी मैल. २० नॉटने, म्हणजे ताशी २० सागरी मैल वेगाने चालणारं जहाज दिवसाला ४८० सागरी मैल कापतं. म्हणजे सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला निघालं, तर साधारण दोन दिवसांत एका तासाचा फरक पडतो. ध्रुवांकडे जावं तसं हे अंतर आक्रसतं. ४० अक्षांशावर तेच ६९० मैलांच्या आसपास येतं, म्हणून तिथे दीड दिवसातच तास बदलायची पाळी येते. कधी बदलायचा ते कॅप्टन ठरवतो. बहुतेक वेळा रात्री दोनला काटे हलतात आणि सूचना आदल्या दिवशी क्रूच्या फलकावर लागते. पण किनाऱ्यावरच्या गावात जी वेळ असेल तीच जहाजावर असेल असं नाही, आणि ड्यूटी, ड्रिल, बंदरातून परतायची मुदत हे सगळं जहाजाच्या वेळेवर चालतं. हे वाक्य मला प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी मान डोलावली होती.

दुसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी जहाज किनाऱ्याच्या जवळून चाललं होतं. टर्नडाउन (पाहुण्यांच्या केबिन रात्रीच्या झोपेसाठी लावून देण्याचं काम) संपवून मी घरी फोन करायला मोकळ्या डेकवर गेले. रेंज मिळाली, बोलणं झालं, खाली येऊन साडेपाचचा गजर लावून झोपले. डेकवर फोनने किनाऱ्यावरचा टॉवर पकडला होता आणि स्वतःची वेळ तासभर मागे घेतली होती. खाली पोलादी भिंतींच्या आत रेंज नाही, त्यामुळे तीच चुकीची वेळ रात्रभर कायम राहिली. गजर झाला तेव्हा जहाजावर साडेसहा वाजले होते. माझी ड्यूटी सहाची. केबिनमधली सोबतीण रात्रपाळीला, उठवणार कोण? त्या सकाळी माझ्या भागातल्या केबिन कामातल्या जोडीदारणीने एकटीने सुरू केल्या. मला लेखी ताकीद मिळाली, आणि ती योग्यच होती. तिच्यावर पडलेल्या कामाची लाज मला आजही वाटते.

तेव्हा फोनमधली ‘वेळ आपोआप’ ही सोय साइन ऑनच्या दिवशीच बंद करा. स्मार्टवॉच फोनच्या मागेच जातं, त्याच्यावर विसंबू नका. काट्यांचं साधं घड्याळ घ्या, फलक वाचल्या वाचल्या, झोपण्याआधी ते स्वतःच्या हाताने जुळवा, आणि केबिनमधल्या सोबतिणीला मोठ्याने वेळ विचारून खात्री करा. बंदरात उतरताना गँगवेवरच्या (जहाजातून उतरायच्या वाटेवरच्या) पाटीवर परतायची जी वेळ असेल ती याच घड्याळाशी ताडून पाहा. जहाज थांबून राहील या भरवशावर राहू नका.

पश्चिमेला जाताना २५ तासांचा दिवस मिळतो, जादा झोप मिळते आणि सगळे खूश असतात. पूर्वेचा प्रवास कठीण. न्यूयॉर्कहून साउथॅम्प्टनला येताना पाच तास जातात आणि ते तुमच्या झोपेतून जातात. इथे माझं मत ठाम आहे: विश्रांतीची नोंद खोटी लिहू नका. २००६ च्या सागरी श्रम कराराप्रमाणे कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. रोजच्या १० तासांचे दोनच तुकडे करता येतात आणि त्यातला एक सलग सहा तासांचा लागतो. नोंदीची प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे. ‘सही करून टाक, सगळेच करतात’ असं सांगणारे सीनियर भेटतील, वागायला अगदी प्रेमळ. मला भेटले. त्यांना गुरू करू नका. मला खरं शिकवलं ते लाँड्रीतल्या एका बाईने, तिचं सहावं कॉन्ट्रॅक्ट चालू होतं. ती रोजचे तास वहीत लिहायची आणि नोंदीत फरक दिसला की त्याच दिवशी शांतपणे वरिष्ठांकडे जायची. तिला कधी कुणी त्रास दिलेला मी पाहिला नाही.

एजंटाचंही सांगते. नोकरी लावून देण्याबद्दल पैसे घ्यायला हाच करार मनाई करतो. मेडिकल, पासपोर्ट आणि सीमन बुक (खलाशाचं अधिकृत ओळखपुस्तक) यांचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो; व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. ‘लवकर जॉइनिंग’साठी कुणी रक्कम मागितली तर उठून या.

बोट लागण्याची फार धास्ती घेऊ नका. जहाजाच्या मधल्या भागात, खालच्या डेकवर हालचाल कमी जाणवते, आणि क्रूची केबिन खालीच असते. बहुतेकींना काही दिवसांत सवय होते. पण जुलाब-उलट्या झाल्या तर बोट लागली असेल म्हणून दडवू नका, लगेच मेडिकलला कळवा. जुलाब-उलट्या करणारा नोरोव्हायरस असला तर तो केबिनमागून केबिन पसरतो, आणि त्याच्यापुढे सॅनिटायझर कमी पडतो. साबणपाण्याने नीट हात धुवावे लागतात. वेगळं ठेवतील, पगाराची काळजी वाटेल, तरी कळवाच.

मन खचलं तेव्हा मला आधार मिळाला तो जुन्या दर्यावर्दींच्या एका गोष्टीचा. मॅगेलनच्या मोहिमेतलं व्हिक्टोरिया हे जहाज १५२२ मध्ये पश्चिमेच्या वाटेने पृथ्वीला वळसा घालत आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवर पोहोचलं, तेव्हा जहाजावर बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. रोजची नोंद चोख ठेवूनही एक अख्खा दिवस हरवला होता. आता १८० रेखांशाजवळची वाररेषा पश्चिमेकडे ओलांडताना कॅलेंडरमधून एक तारीख उडते, तेव्हा मला त्या माणसांची आठवण येते.

पहिल्या रात्री बॅग उघडण्याआधी बंकपासून मस्टर स्टेशनपर्यंतची (आणीबाणीत जमायच्या जागेपर्यंतची) वाट दोनदा चालून या. सात आखूड आणि एक लांब असा आणीबाणीचा भोंगा झाला, की झोपेतही पाय त्याच वाटेला लागले पाहिजेत. परत आल्यावर घड्याळ लावा, उशाशी ठेवा आणि झोपा. इंजिनाची घरघर पहिला आठवडा झोपू देत नाही. नंतर बंदरात ती थांबली की उलट जाग येते.