शाळाभेटीसाठी युरोपात जाण्याआधी मुलांचे कागद
प्राथमिक शाळेतील मुले जर्मनीतील भागीदार शाळेत जाणार असतील, तर तिकिटांआधी पासपोर्ट पाहावेत. लहान मुलांचा पासपोर्ट 5 वर्षांचाच असतो आणि शेंगेन व्हिसासाठी (जर्मनीसह युरोपातील अनेक देशांत चालणारा एकच व्हिसा) पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान 3 महिने वैध लागतो. खरा घोळ असतो तो नावांचा: बोनाफाइड दाखल्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी आणि जन्मदाखल्यावर वडिलांचे नावच नाही, असे सर्रास आढळते, तेव्हा शाळेकडून दाखला पासपोर्टबरहुकूम मागून घ्यावा. दोन्ही पालकांच्या सह्यांचे मूळ संमतिपत्र सोबतच्या शिक्षकांकडे ठेवावे, मुलाच्या दप्तरात नव्हे. शैक्षणिक प्रवासासाठी विद्यार्थ्यांना व सोबतच्या शिक्षकांना व्हिसाशुल्क माफ असते (हे फारसे कोणी आपणहून सांगत नाही), म्हणून यजमान शाळेच्या निमंत्रणपत्रात तो हेतू स्पष्ट लिहून घ्यावा.