प्रौढ दिव्यांग आप्तासाठी निवासी संस्था कशी पारखावी

आमच्यामागे याचे कसे होणार, हा प्रश्न बहुतेक आईवडिलांपुढे उभा राहतो तो स्वतःचे हातपाय थकल्यावर, आणि मग संस्थेची निवड घाईत होते. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या जोडीला अपस्मार (फिट येण्याचा आजार) किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे) असलेल्या प्रौढाला पुढची कित्येक वर्षे तिथे काढायची असल्याने हा शोध अंगात बळ असतानाच सुरू करावा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 प्रमाणे संस्थेची नोंदणी बंधनकारक आहे. ते प्रमाणपत्र मागून त्यावरची मुदत वाचावी. मूल 18 वर्षांचे झाले की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, ही गोष्ट अनेकांना बँकेत किंवा रुग्णालयात अडल्यावरच कळते. स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 खालील स्थानिक स्तर समितीकडे, म्हणजे जिल्हा पातळीवरील समितीकडे, पालकत्वाचा अर्ज करता येतो. तो प्रवेशाआधीच करावा.

संस्थेची खरी पारख जेवणाच्या वेळी होते. ज्याला गिळण्याचा त्रास आहे त्याला ताठ बसवून, एक घास गिळून झाल्यावरच दुसरा दिला जातो का, आणि जेवल्यावर अर्धा तास तरी त्याला आडवे केले जात नाही ना, हे स्वतः पाहावे. घाईने किंवा निजवून भरवल्यास अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, आणि हा धोका पाहुण्यांना दाखवल्या जाणाऱ्या स्वच्छ सभागृहात कधीच दिसत नाही. भरवणारी मावशी त्याला नावाने हाक मारते का, त्याच्या तोंडाकडे पाहते का, यावरून मला संस्थेच्या माहितीपत्रकापेक्षा अधिक कळते.

रात्रपाळीला किती माणसे असतात, हे नेमके विचारावे. एकाच जागी दाब पडून जखमा होऊ नयेत म्हणून अंथरुणाला खिळलेल्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, आणि फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर तातडीने वैद्यकीय मदत लागते. अशा वेळी कोण कोणते औषध देणार, कोणत्या वाहनाने कोणत्या रुग्णालयात नेणार, याचे उत्तर रात्रीच्या काळजीवाहकाला तोंडपाठ असायला हवे.

औषधांची नोंदवही उघडून पाहावी. बोलू न शकणारा माणूस अचानक ओरडू किंवा डोके आपटू लागला, तर आधी दात, कान, पोट आणि बद्धकोष्ठता तपासली पाहिजे, कारण वेदना सांगण्याचा त्याच्याकडे अनेकदा तेवढाच मार्ग असतो. तपासणी न करता गुंगीच्या गोळ्या वाढवणाऱ्या संस्थेत आपले माणूस ठेवू नये, मग तिथली इमारत कितीही देखणी असो.

प्रवेशाच्या वेळी आपणही एक वही द्यावी. तो पाणी कसे मागतो, कशाला घाबरतो, फिट येण्याआधी त्याचा चेहरा कसा होतो, हे फक्त आईला ठाऊक असते, आणि लिहून ठेवले नाही तर ते तिच्याबरोबर जाते. ही वही कपाटात न ठेवता काळजीवाहकांसमोर बसून वाचून दाखवावी, आणि माणसे बदलली की पुन्हा वाचावी.

पुढच्या भेटी न कळवता द्याव्यात. प्रत्येक भेटीत वजनाची नोंद मागावी आणि पाठ, माकडहाड व टाचांवर दाबाच्या जखमा नाहीत ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.